गाईड डॉग सोबत असलेल्या प्रवाशाचे भाडे नाकारण्याची मुभा ड्रायव्हरला असावी का?

निशिगंध_एडिसन

नमस्कार मंडळी. विषय आमच्या घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या जाऊबाईंना रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. तिशीत रातांधळेपणाने सुरुवात झाली, मग दृष्टीचा घेर चहूबाजूंनी आवळत गेला, आणि आज पंचेचाळिशीत त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. त्या एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात पूर्णवेळ नोकरी करतात. गेली चार वर्षे जुनो नावाची काळी लॅब्रॅडोर त्यांची गाईड डॉग, म्हणजे वाट दाखवायला शिकवलेली कुत्री आहे. आमच्याकडे बसची सोय बेताची असल्यामुळे घरात कोणी मोकळे नसेल त्या दिवशी ॲपवरून गाडी मागवण्याखेरीज त्यांना पर्याय नसतो.

जानेवारीतल्या एका सकाळी पावणेसातला त्या दाराबाहेर उभ्या होत्या. ड्रायव्हर आल्याचे फोनने वाचून दाखवले. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या खड्यांवर टायर करकरले, काच खाली झाल्याचा आवाज आला, ‘नो डॉग’ एवढे दोन शब्द ऐकू आले, काच वर गेली आणि टायर पुन्हा करकरले. दुसरी गाडी आल्याचे कळलेच नाही. राइड रद्द झाल्याचे फोनने सांगितले तेव्हाच ती येऊन गेल्याचे त्यांना कळले. तिसऱ्या गाडीने नेले. त्या चाळीस मिनिटे उशिरा कामावर पोचल्या आणि पहिल्या राइडचे रद्द-शुल्क त्यांच्याच कार्डावर पडले. तक्रार करताना गाडीचा रंग किंवा नंबर सांगता येत नाही, नेमके काय घडले ते पाहिलेले नसते, आणि ड्रायव्हरने ‘प्रवासी भेटला नाही’ असा शेरा मारला की कागदोपत्री दोष प्रवाशाचाच दिसतो.

अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. त्याखालच्या नियमांनुसार ठरावीक कामासाठी शिकवलेला कुत्रा हा अपंग व्यक्तीच्या सोबतच असतो. तो पाळीव प्राण्यांच्या नियमाखाली येत नाही. कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी हे कारण नकाराला पुरत नाही, आणि कुत्र्यासाठी जादा पैसेही घेता येत नाहीत. हे सगळे असूनही जाऊबाईंना महिन्यातून दोन-तीन वेळा नकार मिळतो. मागच्या रविवारी आमच्याकडे जमलेल्या मित्रमंडळींत हा विषय निघाला, तेव्हा सुशिक्षित माणसांनी ‘गाडी त्याची आहे, मर्जी त्याची’ असे म्हटलेले मी ऐकले आणि मला रात्रभर झोप लागली नाही. माझ्या मते सक्ती हवीच. आपणा सर्वांना काय वाटते?

सांगलीकर_फ्रीमाँट

निशिगंधाताई, मी स्वतः गाडी चालवतो, म्हणून लिहितो. अठरा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काढली, नोकरी गेली, आणि दोन वर्षांपासून दिवसाला आठ-नऊ तास राइड घेतो.

मी आठ वर्षांचा असताना सांगलीत आमच्या गल्लीतल्या कुत्र्याने माझी पोटरी फोडली होती. त्या काळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. रोज सकाळी वडील सायकलच्या दांड्यावर बसवून सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचे आणि मी वाटेतच रडू लागायचो. आज माझे वय अठ्ठेचाळीस आहे, तरीही कुत्रा दहा फुटांवर आला की माझ्या तळहातांना घाम सुटतो. ही सबब नाही, माझ्या शरीराची वस्तुस्थिती आहे. पहिल्या वर्षी मी एका अंध गृहस्थांची राइड पाहताक्षणी रद्द केली होती. ते चुकीचे होते आणि बेकायदाही होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

त्यानंतर दोन वेळा मी गाईड डॉग नेला आहे. पहिल्या वेळी एक बाई होत्या. त्यांनी आधी मला गाडीचे मागचे दार कुठे आहे ते विचारले, मग कुत्र्याला पायाशी जाण्याची खूण केली. तो पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत अंगाचे वेटोळे करून बसला. सीटवर चढला नाही, भुंकला नाही, पूर्ण बावीस मिनिटे त्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला नाही. तरी मी सारा रस्ता स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. माझी भीती गेली, असे मी लिहिणार नाही, कारण ती गेलेली नाही. पण भीती असूनही ते काम होऊ शकते, एवढे मला त्या दिवशी कळले.

मात्र दुसरी बाजूही आपण ऐकून घ्यावी. गाडीतल्या चटईचे केस व्हॅक्यूमने काढायला मला चाळीस मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात दोन राइड सुटल्या. नेहमीच्या केसगळतीचे पैसे प्रवाशाकडून घेता येत नाहीत, हे योग्यच आहे. पण मग ते माझ्याच खिशातून का जावेत? भाड्यातला वाटा कंपनी घेते, गाडी माझी, हप्ता माझा, पेट्रोल माझे, आणि कायद्याचे पालनही एकट्या माझ्याच अंगावर. कुत्र्यांविषयीचे प्रशिक्षण म्हणजे फोनवरचे एक पान होते आणि त्याच्या तळाशी ‘मान्य आहे’ हे बटण. सक्तीला माझा विरोध नाही. सक्तीचा खर्च कोण सोसणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रभाकर_क्लीव्हलँड

सांगलीकरांनी मर्मावर बोट ठेवले आहे. ‘मी फक्त ॲप पुरवतो, ड्रायव्हर स्वतंत्र कंत्राटदार आहे’ हाच युक्तिवाद कंपन्या या प्रकरणांत करत आल्या आहेत, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

कॅलिफोर्नियातील अंधांच्या संघटनेने २०१४ साली उबरवर दावा लावला. त्यातल्या आरोपांपैकी एक तर असा होता की ड्रायव्हरने गाईड डॉगला डिकीत कोंडले. २०१६ साली तडजोड झाली आणि कंपनीने मान्य केले की सेवा-कुत्रा (अपंग व्यक्तीच्या मदतीला शिकवलेला कुत्रा, गाईड डॉगही त्यातलाच) आहे हे माहीत असताना एकदा जरी नकार दिला, तरी त्या ड्रायव्हरचे खाते बंद होईल. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका अंध महिलेला लवादाने ११ लाख डॉलर देवविले; तिला १४ वेळा नकार किंवा त्रास सोसावा लागला होता. त्या प्रकरणात कंपनीने कंत्राटदाराचाच मुद्दा मांडला होता आणि लवादाने तो फेटाळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंधांनी सॅन फ्रान्सिस्कोत या कंपन्यांविरुद्ध मोर्चा काढला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने स्वतःच उबरविरुद्ध दावा दाखल केला. म्हणजे ज्या गोष्टीवर २०१६ साली सही झाली, तिच्यासाठी नऊ वर्षांनी सरकारला कोर्टात जावे लागले. माझ्या मते यातून एकच निघते: ड्रायव्हरला काढून टाकणे कंपनीला स्वस्त पडते, आणि त्याला तयार करणे महाग.

आणखी एक गोष्ट. ड्रायव्हरला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि तो कोणते काम करायला शिकला आहे. कागद मागता येत नाही, आजाराचे नाव विचारता येत नाही, कुत्र्याला काम करून दाखवायलाही सांगता येत नाही. कुत्रा अंगावर धावून जात असेल आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा त्याला बाहेर शौचाला जाण्याची सवयच नसेल, तर मात्र नकार देता येतो.

रोहिणी_ऑस्टिन

मी सक्तीच्या बाजूची आहे, पण एक प्रश्न टाळून चालणार नाही. इंटरनेटवर कोणीही सेवा-कुत्र्याचे लाल जाकीट विकत घेऊन आपल्या पाळलेल्या कुत्र्याच्या अंगावर चढवू शकतो. माझ्या इमारतीतली एक मुलगी हे उघडपणे करते. विमान कंपन्यांत भावनिक आधाराच्या नावाखाली, म्हणजे कोणतेही काम न शिकवलेले, नुसत्या सोबतीने धीर देणारे, इतके प्राणी आले की २०२० च्या डिसेंबरात वाहतूक विभागाला नियम बदलावा लागला आणि तशा प्राण्यांची सक्ती संपली. टॅक्सीतही भावनिक आधाराच्या प्राण्याला हा हक्क नाही, पण दोन तोंडी प्रश्नांची उत्तरे खोटीही देता येतात. मग सरकारी ओळखपत्र का नको? अपंगांच्या पार्किंगसाठी आपण पाटी लावतोच ना?

वाटसरू_व्हँकूव्हर

कॅनडातल्या आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ओळखपत्र आहे. गाईड डॉग आणि सर्व्हिस डॉगसाठीचा वेगळा कायदा २०१६ पासून लागू आहे आणि प्रमाणित जोडीला प्रांताकडून कार्ड मिळते. दुकानात, हॉटेलात त्याचा उपयोग होतो, वाद लवकर मिटतो. पण टॅक्सीच्या बाबतीत त्याची मर्यादा निशिगंध यांच्या लेखातच दिसते. जो ड्रायव्हर काच वर करून निघून जातो, त्याला कार्ड दाखवायचे कधी?

निशिगंध_एडिसन

वाटसरू, हेच लिहिणार होते.

रोहिणी, तुमची शंका प्रामाणिक आहे, म्हणून थोडे सांगते. जुनो आली ती मॉरिसटाउनच्या सीइंग आय या संस्थेतून. १९२९ पासून ही संस्था कुत्रे तयार करते. जाऊबाई काही आठवडे तिथे राहून शिकल्या. त्यांनी ‘फॉरवर्ड’ म्हटले आणि समोरून गाडी येत असली, तर जुनो हुकूम मोडून जागच्या जागी उभी राहते. हुकूम पाळायला कुत्रा शिकतोच. कोणता हुकूम मोडायचा, हे त्याला शिकवायला खरी मेहनत पडते. अशा संस्थेचे कार्ड त्यांच्या पर्समध्ये असतेच आणि कोणी नीट विचारले तर त्या दाखवतातही. पण अनेक अपंग माणसे स्वतःच कुत्रा शिकवतात, कारण संस्थांच्या याद्या लांब असतात आणि मधुमेहाची किंवा अपस्माराची सूचना देणारे कुत्रे सगळीकडे मिळत नाहीत. कायद्यानेही ती मुभा दिली आहे. कार्ड सक्तीचे केले तर खोटे बोलणारा खोटे कार्डही करून घेईल, आणि खऱ्या माणसाला मात्र प्रत्येक दारात पाकीट काढून आपले आंधळेपण सिद्ध करत बसावे लागेल. पार्किंगची पाटी गाडीला लागते हो, माणसाला नाही.

शिरीष_हॅरो

लंडनहून लिहितो. मी इथे मिनिकॅब, म्हणजे आधी ठरवून मागवायची खाजगी टॅक्सी, चालवतो. २०१० च्या समानता कायद्याने टॅक्सी आणि मिनिकॅब दोघांनाही सहायक कुत्रा घ्यावाच लागतो, तोही प्रवाशाच्या जवळच आणि जादा पैसे न घेता. मोडल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो आणि परवान्यावर गदा येऊ शकते. पण अमेरिकेत नाही अशी एक तरतूद इथे आहे: वैद्यकीय कारण असेल तर ड्रायव्हर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून सूट-प्रमाणपत्र घेऊ शकतो आणि ते गाडीत दिसेल असे लावतो. आमच्या तळावर एका सहकाऱ्याला तीव्र दमा आहे, त्याला ते मिळाले आहे. सांगलीकरांसारख्यांचा विचार करता हा मार्ग मला न्याय्य वाटतो, कारण खरी अडचण असणारा माणूस आधीच नोंदवला जातो आणि बाकीच्यांना आयत्या वेळी ॲलर्जी आठवत नाही.

सांगलीकर_फ्रीमाँट

शिरीषराव, असे प्रमाणपत्र मिळाले असते तर पहिल्या वर्षी मी नक्की घेतले असते. आता घेईन का, याचा विचार करतो आहे. पण ॲपमध्ये ते चालवायचे कसे? सूट असलेल्याला ती राइड जाऊ नये म्हणून प्रवाशाकडे कुत्रा आहे, हे ॲपला आधी कळले पाहिजे. आणि ते बाकीच्या ड्रायव्हरांना दिसले, तर मी माझ्या व्यवसायबंधूंना ओळखतो: अर्धे जण वाटेतूनच रद्द करतील.

निशिगंध_एडिसन

जाऊबाई नेमके हेच म्हणतात. आपल्याकडे कुत्रा आहे, असे आधी कळवण्याची सोय मिळाली तरी त्या ती वापरायला कचरतात. कारण दारात येऊन दिलेला नकार निदान ऐकू तरी येतो. दोन मैलांवरून दिलेला नकार म्हणजे नुसते ‘दुसरा ड्रायव्हर शोधत आहोत’. तो पहिल्या नकारापेक्षा वाईट, कारण त्याचा पुरावाच उरत नाही.

माझे म्हणणे असे आहे की ही माहिती ड्रायव्हरला द्यावी किंवा देऊ नये, पण कंपनीच्या यंत्रणेला ती असावी. ज्याला रीतसर सूट आहे त्याच्याकडे राइड जाऊच नये. बाकीच्यांपैकी कोणता ड्रायव्हर दारापाशी पोचल्यावर रद्द करतो, आणि तो कुत्रा असलेल्या राइडच अधिक रद्द करतो का, हे कंपनीला प्रवाशाने तक्रार न करताही दिसते. गाडी कुठे थांबली, किती सेकंद थांबली, याचा हिशेब मिनिटागणिक ठेवून प्रतीक्षा-शुल्क लावणाऱ्यांना एवढे मोजता येत नसेल, असे मला वाटत नाही. आणि सांगलीकरांच्या चाळीस मिनिटांचे पैसे कंपनीने द्यावेत. प्रवाशाने नाही, ड्रायव्हरनेही नाही. सक्ती ही सगळ्या समाजाची गरज असेल, तर तिचा भार सगळ्यात कमी कमावणाऱ्याच्या गळ्यात मारू नये. हे मत मी धागा काढला तेव्हा माझे नव्हते. सांगलीकरांचा प्रतिसाद वाचल्यावर झाले.

दाभोळकर_शिकागो

एक बाजू अजून आलेली नाही, ती मी मांडतो. आम्ही रत्नागिरीचे कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे (शाफई, हनफी, मालिकी हे सुन्नी धर्मशास्त्राचे पंथ). आमच्या घरात कुत्र्याचा ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचे आणि त्यातले एकदा मातीने, असे आजीने शिकवले. हनफी मंडळींत हा नियम इतका कडक नाही, मालिकींत त्याहून सौम्य. मिनियापोलिसच्या विमानतळावरचे बहुतेक टॅक्सीवाले सोमाली आणि तेही शाफई. त्यांतल्या अनेकांनी दारूच्या बाटल्या नेणारे प्रवासी नाकारले, काहींनी कुत्रेही. २००७ साली विमानतळ प्राधिकरणाने नियम केला की पहिल्या नकाराला ३० दिवस परवाना निलंबित आणि दुसऱ्याला दोन वर्षांसाठी रद्द.

मी त्या नियमाच्या बाजूने आहे आणि धार्मिक माणूस म्हणूनच आहे. कोरड्या केसांचा कोरड्या कपड्याला स्पर्श झाल्याने अशुद्धी लागत नाही, हे आमच्याच पंथात सांगितले आहे. पायाशी बसलेला कुत्रा ड्रायव्हरला शिवतसुद्धा नाही. २००८ साली इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका मशिदीने अंध मुस्लिम तरुणाचा गाईड डॉग आवारात येऊ दिला; शरिया परिषदेने तसा निर्णय दिला होता आणि मशिदीत कुत्र्यासाठी वेगळी जागा केली होती. मशिदीच्या आवारात वाट निघू शकते, तर टोयोटाच्या मागच्या सीटपाशी निघत नाही, असे कोणी म्हणू नये. ड्रायव्हरच्या श्रद्धेचा मान चटई टाकून राखता येतो. थंडीत उभ्या राहिलेल्या बाईसाठी तसा सोपा उपाय नसतो.

मुक्ता_कोथरूड

पुण्यातून वाचते आहे. आपल्याकडे गाईड डॉग क्वचितच दिसतो, त्यामुळे हा प्रश्न तसा दारात आलेला नाही. पण भाडे नाकारणे हा आपल्या मोटार वाहन कायद्यातही गुन्हाच आहे, १९८८ च्या कायद्याचे कलम १७८, आणि तरीही स्टेशनबाहेर रिक्षावाला ‘कुठं?’ असे विचारून मान फिरवतो. दंड इतका किरकोळ की कोणी तक्रारीच्या वाटेला जात नाही. माझे मामा पांढरी काठी घेऊन चालतात. रिक्षा थांबते, काठी दिसते, आणि रिक्षा पुढे जाते. कारण विचारावे तर उतरवताना हात धरावा लागेल, वेळ जाईल, एवढेच असते. त्यामुळे मला वाटते की कुत्रा हे अनेकदा निमित्त असते.

निशिगंध_एडिसन

मुक्ता, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. तुमचे शेवटचे वाक्य मी जाऊबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, काठी होती तेव्हाही गाड्या जात होत्या, फक्त तेव्हा त्यांना कारणही सांगावे लागत नव्हते.

सांगलीकर, त्यांनी तुमच्यासाठी निरोप सांगितला आहे, तो तसाच लिहिते. गाडी थांबली की काच खाली करून आधी स्वतःचे नाव सांगा आणि गाडी त्यांच्या कोणत्या हाताला आहे ते सांगा. हॉर्न वाजवू नका, कारण हॉर्न कुठल्या गाडीचा ते कळत नाही. शेजारची पुढची सीट जमेल तेवढी पुढे सरकवा, म्हणजे मागे पायाशी जागा मोठी होते. कुत्र्याशी बोलू नका, त्याच्याकडे हात नेऊ नका. तुम्हाला भीती वाटते ना, मग हा नियम तुमच्याही सोयीचा आहे. आणि भीती वाटते असे मोकळेपणाने सांगा. त्या म्हणतात, मला राग येत नाही, मी जुनोचा पट्टा आणखी आखूड धरीन आणि तिचे तोंड दाराकडे ठेवीन.

सांगलीकर_फ्रीमाँट

वहिनींना माझा नमस्कार सांगा. हे सगळे मी लिहून घेतले आहे. एक विचारायचे राहिले. केसांसाठी मी डिकीत प्लास्टिकची शीट ठेवली आहे, ती पायाशी अंथरली तर चालेल का?

निशिगंध_एडिसन

आत्ताच विचारले. प्लास्टिक नको, वळणावर कुत्र्याचे पंजे त्यावरून घसरतात आणि तो बावरतो. जुनी सुती चादर चौपदरी करून टाका, किंवा मागे रबर असलेली पायपुसणी. राइड संपली की उचलून झटकली, की झाले.